इंग्रजी शब्दयोगी अव्ययांच्या अचूकतेचा आग्रह कितपत धरावा?

चर्चाप्रस्ताव

इंग्रजी लिहिताना नाम आणि क्रियापद आपण विचारपूर्वक निवडतो, पण ‘इन’, ‘बाय’, ‘सिन्स’ असे चिमुकले शब्द मराठीच्या सवयीने हाताला येतील तसे बसवतो आणि अर्थाचा घात नेमका तिथेच होतो. माझ्या एका सहकाऱ्याला ‘तासाभराच्या आत अहवाल पाठवतो’ असे कळवायचे होते. त्याने ‘इन ॲन अवर’ लिहिले. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘तासाभराने’ असा घेतला, अहवाल वेळेत मिळणार नाही असे समजून बैठक पुढे ढकलली आणि अहवाल मात्र वीस मिनिटांतच येऊन पडला. तिथे ‘विदिन’ हवे होते.

‘सोमवारपर्यंत पैसे भरा’ आणि ‘सोमवारपर्यंत थांबा’ या दोन्ही वाक्यांत आपल्याला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत मात्र मुदतीसाठी ‘बाय’ आणि चालू राहणाऱ्या क्रियेसाठी ‘अंटिल’ लागतो. ‘पाच वर्षांपासून’ म्हणताना ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ तोंडात येते तेही यामुळेच, कारण आपला ‘पासून’ आरंभबिंदू आणि कालावधी या दोहोंना चालतो, तर ‘सिन्स’ला आरंभबिंदूच लागतो आणि कालावधी ‘फॉर’कडे जातो. म्हणून अव्यय चुकले तर ती चूकच मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १

आपली उदाहरणे पटली, निष्कर्ष पटला नाही. ‘डिस्कस अबाउट’ किंवा ‘मॅरीड विथ’ म्हटल्याने कोणाचा गैरसमज होतो? खुद्द इंग्रजी भाषकांतही एकवाक्यता नाही. ‘डिफरंट फ्रॉम’ सर्वत्र चालते, पण ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये आणि ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत सर्रास आढळते. ब्रिटिश माणूस ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो, तर अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. इंग्रजी कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये आधीच्या पिढीतील नाटककार बेन जॉन्सन यांच्या वाक्याच्या शेवटी आलेल्या अव्ययावर आक्षेप घेतला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना तो नियम म्हणून शिकवला गेला, पण आज जाणकार तो नियम मानत नाहीत. मी शिकवतो, आणि अशा धाकापायी अर्ध्या वाक्यात गप्प होणारी मुले मी रोज पाहतो. त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद २

धाक नको हे मान्य, पण कारण सांगितले तर धाक उरत नाही. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ ही मुळात लॅटिन तरवाचक (‘अधिक’ असा तुलनेचा अर्थ दाखवणारी) रूपे असल्याने त्यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’ येतो, हे एकदा कळले की विसरत नाही.

चर्चाप्रस्तावक

प्रदेशपरत्वे बदलणाऱ्या रूपांना मी चूक म्हणणार नाही. तेवढी दुरुस्ती स्वीकारतो. परंतु ‘गैरसमज होत नाही’ ही कसोटी बोलण्यापुरती ठीक आहे. पत्रव्यवहारात ‘आय ॲग्री विथ युअर प्रपोजल’ म्हणजे तुमचे म्हणणे मला पटते, आणि ‘आय ॲग्री टू युअर प्रपोजल’ म्हणजे मी त्याला संमती दिली. एक मत आहे, दुसरा शब्द देणे आहे, आणि मधला फरक एवढ्याशा अव्ययावर उभा आहे. कोणती चूक निरुपद्रवी आणि कोणती महागात पडणारी, हे शिकणाऱ्याला आधीच कसे कळावे? म्हणून क्रियापद पाठ करताना त्याचे अव्ययही सोबतच पाठ करावे. ‘डिस्कस’च्या अर्थात ‘विषयी’ आधीच सामावलेला आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

प्रतिसाद १

‘ॲग्री’चे उदाहरण मी उद्याच वर्गात घेईन. जोडीने पाठ करण्यालाही माझा विरोध नाही. मात्र ‘डिस्कस अबाउट’ म्हणणाऱ्या मुलाला मी मध्येच थांबवणार नाही. त्याचे वाक्य पूर्ण होऊ देईन आणि मग तेच वाक्य ‘अबाउट’ वगळून त्याच्यासमोर म्हणेन. लेखी उत्तरात खूण करीन, पण गुण मात्र अर्थ बदलला असेल तिथेच कापीन.