ठासणीची बंदूक: गोळीभोवती गुंडाळायची चिंधी जळतेय. दारू कमी करू की कापड बदलू?

मी पेनसिल्व्हेनियात असतो. इथे नाताळानंतरच्या हरणांच्या हंगामात बंदुकांपैकी फक्त चकमकीची ठासणीची रायफल (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची, गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) चालते, म्हणून यंदा एक जुनी घेतली. .50 कॅलिबर (नळीचा व्यास अर्धा इंच), नळीच्या आतल्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ 48 इंचांत एक फेरा.

सध्याचा भार: 80 ग्रेन (दारू मोजायचं एकक) एफएफजी (दाण्याच्या आकाराची प्रत) काळी दारू (मापाने, वजनाने नाही), .490 इंच व्यासाची शिशाची गोल गोळी आणि 0.010 इंच जाडीची तयार, तेल लावलेली चिंधी. 50 यार्डांवर पाच गोळ्या आठ इंचांत पसरतात. बसून, टेकू घेऊन मारतोय, त्यामुळे हात हलतो असं नाही (बायकोचं मत वेगळं आहे).

प्रत्येक गोळी झाडल्यावर नळी पुसतो. गोळी दारूवर घट्ट बसल्याची गजावर (गोळी आत ठासायच्या काठीवर) खूण केली आहे. 60 ग्रेनवर आलो तर पसारा पाच इंचांवर आला. पण पुढे पडलेल्या चिंध्या उचलून पाहिल्या तर मधोमध रुपयाएवढं भोक आणि कडा काळ्या. गोळी अंगठ्याच्या जोरानेच आत जाते, म्हणजे सैल बसते, तेही खटकतंय.

पायरोडेक्स (काळ्या दारूला पर्याय म्हणून मिळणारी दारू) सुचवू नका, चकमकीवर ते नीट पेटत नाही. नळीही बदलायची नाही.

आधी 0.015 ची चिंधी घ्यावी की .495 ची गोळी? की आट्यांच्या कडाच धारदार असतील? चिंधी जळालीय की कापली गेलीय, हे तुम्ही कशावरून ओळखता?