सीलबंद पाकिटे, सुटी कार्डे आणि फेरविक्रीचे चढे भाव : ठाणे-नवी मुंबईतील संग्राहकांचे मत हवे आहे

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)

सर्व संग्राहकांना नमस्कार.

माझा मुलगा नववीत शिकतो. फुटबॉलपटूंची आणि क्रिकेटपटूंची कार्डे जमवण्याचा त्याला नाद आहे. पाकिटे आम्ही नौपाड्यातील एका स्टेशनरीच्या दुकानातून छापील किमतीत घेत आलो. अलीकडे मात्र नवा खोका उघडला रे उघडला की एक गृहस्थ हजर होतात, खिशातून सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा काढतात, काउंटरवरच एकेक पाकीट तोलतात, जड भरतील ती (त्यांत भारी कार्ड असण्याचा संभव अधिक) विकत घेतात आणि हलकी पाकिटे निमूटपणे खोक्यात परत ठेवतात. त्यानंतर शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांना ही निवडून उरलेलीच पाकिटे मिळतात. दुकानदाराला विचारले तर ते म्हणतात, "रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नाही कसे म्हणू?" संध्याकाळी तीच पाकिटे, न फोडता, एका व्हॉट्सॲप गटावर जवळजवळ दुप्पट किमतीला विक्रीस येतात.

असा व्यवहार कायद्याला मान्य आहे काय? दुसरे असे की, डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेल्यापासून त्याच्या सुट्या कार्डांचे भाव या गटांवर भलतेच चढले आहेत. ९९ प्रतींपैकी एक असा क्रमांक छापलेले आणि नऊ गुणांचे ग्रेडिंग (कार्डाची स्थिती तपासून दहापैकी गुण देणे) झालेले एक कार्ड आम्हाला बावीस हजारांना सांगितले जात आहे. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे ही "मुलाच्या शिक्षणासाठीची गुंतवणूक" आहे. हा भाव खरा की फुगवलेला, हे माझ्यासारख्या या क्षेत्राबाहेरच्या व्यक्तीने कसे ओळखावे?

उत्तर (नेरुळ)

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पालक तिथेच फसतात. गटावर लिहिलेला आकडा ही केवळ विक्रेत्याची अपेक्षा असते. त्या आकड्याला कोणी कार्ड घेतले आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ईबेवर शोध घेताना फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवण्याची सोय आहे. तिथे नेमके तेच कार्ड शोधावे, म्हणजे तेच वर्ष, तोच संच, तीच रंगछटा, तितक्याच प्रतींचा क्रमांक आणि त्याच संस्थेने दिलेले तेच गुण. यातील एक गोष्ट जरी वेगळी असली तरी तुलना फोल ठरते. विशेषतः नऊ आणि दहा गुणांच्या कार्डांतील फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण किमतीत तो कधी कधी कित्येक पटींचा असतो. "याचेच भाऊबंद लाखाला गेले" असे कोणी सांगू लागला की तो दहा गुणांच्या कार्डाचे बोट धरून नऊ गुणांचे कार्ड आपल्या गळ्यात मारत आहे, असे खुशाल समजावे.

भाव फुगण्यामागे बातम्यांचा मोठा हात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ चे टॉप्स कंपनीचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्याच महिन्यात होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूच्या कार्डाला साडेबहात्तर लाख डॉलर मिळाले. या बातम्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचतात आणि मग कपाटातल्या प्रत्येक कार्डात लोकांना घबाड दिसू लागते. त्याआधीच्या वर्षी, टाळेबंदीच्या काळात, अमेरिकेत याहून विचित्र प्रकार घडला होता. कार्डे तपासून गुण देणाऱ्या पीएसए या संस्थेकडे इतका ढीग साचला की मार्च २०२१ मध्ये तिने बहुतेक सेवांसाठी नवी कार्डे घेणे थांबवले. मे महिन्यात टार्गेट या दुकानसाखळीच्या वाहनतळावर कार्डांवरून मारामारी झाली आणि कंपनीने काही काळ दुकानांतून कार्डांची विक्रीच बंद केली. पुढे भाव उतरले, आणि चढत्या भावात माल भरून बसलेले कित्येक जण तोंडावर पडले.

आमच्याकडेही हा अनुभव आलाच. २ नोव्हेंबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आमच्या सेक्टरमध्ये पहाटेपर्यंत फटाके वाजत होते. पुढच्या काही दिवसांत खेळाडूंच्या "अस्सल स्वाक्षऱ्या" असलेली छायाचित्रे गटांवर अशा भावाने फिरू लागली की ती कोठून आली, स्वाक्षरी कोणासमक्ष घेतली, हे विचारण्याचेही कोणाला भान राहिले नाही. मी विचारले, तर मला गटातून काढून टाकण्यात आले.

उत्तर (वाशी, सेक्टर १७)

कायद्याच्या मुद्द्यावर लिहितो. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ अन्वये केलेल्या आवेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे की सीलबंद वस्तू तिच्या छापील किरकोळ किमतीपेक्षा अधिक दराने विकता येत नाही. हा निर्बंध दुकानदारापुरता मर्यादित नाही. उत्पादक, आयातदार, घाऊक विक्रेता आणि "अन्य व्यक्ती" असेही शब्द नियमात आहेत. त्यामुळे न फोडलेली पाकिटे नियमितपणे दुप्पट किमतीला विकणाऱ्याला "मी काही दुकानदार नाही" असे म्हणून हात झटकता येतील असे मला वाटत नाही. पाकीट परदेशी असेल तर त्यावर आयातदाराचे नाव व पत्ता आणि छापील किंमत असलेली चिकटपट्टी असणे आवश्यक आहे. ती नसेल तर माल आडवाटेने आला असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तक्रार करायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मात्र पाकीट फोडून बाहेर काढलेल्या सुट्या कार्डाला छापील किंमत नसते. ते बावीस हजारांना विका किंवा बावीस रुपयांना, तो दोघांमधला खासगी सौदा ठरतो. पाकिटे तोलून घेण्यासही माझ्या माहितीप्रमाणे कोणता कायदा आडवा येत नाही. तो प्रश्न दुकानदाराच्या मर्जीचा आहे.

उत्तर (ऐरोली)

मी स्वतः फेरविक्री करतो, तेव्हा माझे म्हणणे त्या हिशेबाने वाचावे.

दुकानात काटा घेऊन बसणे मलाही पटत नाही. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेले कार्ड जाड असते, म्हणून ते असलेले पाकीट काही ग्रॅमने जड भरते. काही संचांमध्ये कंपन्या मुद्दाम कोरे जाड पुठ्ठे घालतात आणि मग काटेवाल्यांचीच फजिती होते. पण सर्व फेरविक्रेत्यांना एकाच माळेत ओवू नका. मोठे खोके, ज्यांत स्वाक्षरीचे किंवा क्रमांकित कार्ड हमखास असते, ते ठाण्याच्या स्टेशनरीच्या दुकानात येतच नाहीत. ते मी परदेशातून मागवतो, त्यावर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचा आकार भरतो, आणि एखादा खोका दोन-दोन महिने सोडवण्यात जातो. खोक्यात काय निघेल याची शक्यता वेष्टनावर छापलेली असते. ती नीट वाचली तर कळते की खोका फोडून निघालेली कार्डे सुटी विकल्यास बहुतेक वेळा मूळ पैसेही वसूल होत नाहीत. एखाद्या भारी कार्डावर मी जे मिळवतो, त्यातून उरलेल्या शेकडो पडून राहिलेल्या कार्डांचा खर्च निघतो.

बावीस हजारांच्या मेस्सीबद्दल विचाराल तर मी तो भाव देणार नाही, आणि मागणारही नाही.

उत्तर (चरई, ठाणे)

ऐरोलीकरांचे म्हणणे प्रामाणिक आहे, तरी "गुंतवणूक" या शब्दावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. मी बिग फन बबलगमसोबत येणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवणाऱ्या पिढीचा आहे. पुढे किंमत येईल म्हणून आम्ही ती ठेवली नव्हती, आणि म्हणूनच बहुतेकांच्या घरी ती आज नाहीत. जुन्या कार्डांच्या किमतीचे मर्म यातच आहे. मँटलचे ते १९५२ चे कार्ड इतके महाग का? त्या संचाचा उशिरा छापलेला भाग, ज्यात हे कार्ड होते, खपला नाही, गोदामात पडून राहिला, आणि १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी त्याच्या पेट्या बोटीवर चढवून अटलांटिक महासागरात बुडवल्या. उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील लोकांनी "मुलांच्या शिक्षणासाठी" म्हणूनच खोकेच्या खोके विकत घेऊन माळ्यावर ठेवले. कंपन्यांनीही हात आखडता घेतला नाही. परिणामी त्या काळातील बहुतांश कार्डांना आज रद्दीपेक्षा फारसा अधिक भाव नाही. सगळ्यांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होणार कशी?

नेरुळकरांनी ग्रेडिंगच्या गुणांवर थोडा जास्तच भरवसा टाकला आहे, असे मला वाटते. पीएसएने १९९१ मध्ये पहिल्यांदा ज्या कार्डाला गुण दिले, ते वॅग्नरचेच होते. आठ गुण मिळाले, ते पुढे २८ लाख डॉलरपर्यंत गेले, आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावकर्त्याने न्यायालयात कबूल केले की त्याने त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. गुण देऊन प्लास्टिकच्या सीलबंद डबीत बंद झाले म्हणजे कार्ड सोवळे झाले, असे नव्हे.

तरीही घ्यायचेच असेल तर डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि तेवढ्यावर थांबू नये, कारण खऱ्या कार्डाचा क्रमांक खोट्या डबीवर छापणारे महाभागही आहेत. संकेतस्थळावर छायाचित्र असेल तर चारही कोपरे आणि छापलेला प्रत-क्रमांक ताडून पाहावा. सुटे कार्ड असल्यास पट्टी लावावी. नेहमीचे कार्ड ६३.५ गुणिले ८८.९ मिलिमीटरचे असते, आणि एखाद्या बाजूला अर्धा मिलिमीटरही कमी भरला तर तिथे कात्री लागली असण्याचा संभव असतो. भिंगाखाली अस्सल छपाईत रंगांच्या बारीक ठिपक्यांची नियमित नक्षी दिसते, तर घरगुती प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ती फिसकटलेली असते. आणखी एक, आपल्याकडच्या पावसाळ्यात चकचकीत थराची कार्डे धनुष्यासारखी वाकतात. गेल्या जूनपासून कार्ड कोठे व कसे ठेवले होते, हे विक्रेत्याला विचारण्यात संकोच करू नये.

प्रश्नकर्त्या (कासारवडवली, ठाणे)

सर्वांची मनापासून आभारी आहे. विक्रेत्याकडे डबीच्या मागील बाजूचे आणि कोपऱ्यांचे छायाचित्र मागितले. त्याने छायाचित्र न पाठवता भाव अठरा हजारांवर आणला, तेव्हा तो विषय मी तिथेच सोडला. आता दुकानदाराशी बोलायचे आहे. एका गिऱ्हाइकाला किती पाकिटे द्यायची, यावर त्यांना मर्यादा घालता येईल काय? त्यांचे नुकसान व्हावे अशी माझी इच्छा नाही.

उत्तर (वाशी, सेक्टर १७)

निश्चित घालता येईल. वाशीतील आमचे दुकानदार नवा खोका आला की पहिले दोन दिवस माणशी पाच पाकिटे देतात, आणि पाकिटे स्वतः काउंटरच्या आतून काढून देतात. गिऱ्हाइकाने खोक्याला हात लावायचा नाही, एवढाच नियम आहे. माल तरीही आठवड्याभरात संपतो. आपल्या दुकानदारांना तिसऱ्या दिवसापासून उरलेला खोका घाऊक देण्याची मोकळीक ठेवा, म्हणजे त्यांची रोकडही अडकणार नाही आणि ते काटेवाले गृहस्थही तोडून बोलणार नाहीत.