मदत हवी आहे: भावाकडे एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) सापडली, हॉस्पिटलला नेलं तर पोलीस केस होते का?

सायली_ठाणे
भावाच्या बॅगेत पांढऱ्या पावडरीच्या पुड्या मिळाल्या. एमडी आहे हे त्यानेच कबूल केलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, हॉस्पिटलवाले पोलिसांना कळवतात, नोकरी जाईल. खरं आहे का? आईबाबांना माहीत नाही. लवकर सांगा, उपदेश नको.

कोकणकडा
वय काय? कधीपासून घेतो? आत्ता शुद्धीवर आहे का?

सायली_ठाणे
२३. कधीपासून ते सांगत नाही. मी केसचं विचारलंय.

बाबुराव_सातारा
आधी मेडिकलमधून लघवी तपासायचा किट आणा. आमच्या पुतण्याचं तसंच उघड झालं.

रात्रपाळी
किटच्या नादी लागू नका. बाजारातल्या साध्या किटमध्ये मेफेड्रोन बऱ्याचदा सापडतच नाही आणि निगेटिव्ह आलं की घरचे निर्धास्त होतात. शिवाय त्याने कबूल केलंय, मग तपासायचं काय? मी कॅज्युअल्टीत काम करते. सायली, तो झोपतोय का? जेवतोय का? छातीत धडधडतंय का?

मिहीर_७२
एमडी म्हणजे पार्टीतल्या गोळ्या ना, एमडीएमए? त्या एवढ्या घातक नसतात.

रात्रपाळी
नाही. दोन्ही वेगळी रसायनं आहेत आणि घातक दोन्ही. मेफेड्रोनची नशा लवकर उतरते, म्हणून पुन्हा पुन्हा ओढलं जातं. पुडीत नेमकं काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सायली_ठाणे
परवापासून झोपला नाही. पडदे लावून बसलाय, समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी बघतंय म्हणतो. अंग गरम आहे, ताप असेल.

रात्रपाळी
ताप समजून थांबू नका. आत्ताच्या आत्ता न्या, गाडी नसेल तर १०८. या नशेत नाडी आणि रक्तदाब वाढतात, अंग तापतं, झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. यावर उतारा नाही. शांत करणारी औषधं, सलाईन आणि अंग थंड ठेवणं, यावरच सांभाळावं लागतं. घरातली झोपेची गोळी देऊ नका. ‘कोणी बघत नाही’ म्हणून वाद घालू नका, त्याला ते खरंच दिसतंय. काय घेतलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बाबुराव_सातारा
सरळ पोलिसात द्या. पुणे जिल्ह्यात कुरकुंभच्या कारखान्यात २०२४ मध्ये एमडीचा केवढा साठा सापडला! अशी पोरं घेतात म्हणून तो धंदा चालतो.

कोकणकडा
बाबुराव, तिच्या घरात माणूस आजारी आहे. कारखान्याचा वेगळा धागा काढा.

वकिली_डायरी
ताई, केसचं सांगतो. मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात आहे. २ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅमच्या वर, तिथे किमान १० वर्षं. पण कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. म्हणजे हॉस्पिटलला जाणं त्याच्याच फायद्याचं.

रात्रपाळी
हे पूर्ण चित्र नाही. कॅज्युअल्टीत एमएलसीची (मेडिको-लीगल केस) नोंद होऊ शकते आणि ती पोलीस चौकीला जाते.

वकिली_डायरी
एमएलसी म्हणजे एफआयआर नव्हे.

रात्रपाळी
मान्य, पण तिला आधी माहीत हवं. तिथे अचानक शिपाई समोर आला तर मुलगा पळून जाईल.

वकिली_डायरी
बरोबर. पुड्या किती वजनाच्या आणि त्यांचं काय करायचं, हे इथे लिहू नका. वकिलाला प्रत्यक्ष विचारा.

आनंदी_मन
माझे यजमान दारूतून बाहेर आले ते एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) च्या बैठकांमुळे. दादर भागात हवी असल्यास वेळ कळवते.

सायली_ठाणे
बाबांना सांगितलं. तो आधी ओरडला, पण बाबा सोबत येताहेत म्हटल्यावर तयार झाला. कळव्याच्या हॉस्पिटलला नेतोय. शेजारी म्हणतात एक खाजगी व्यसनमुक्ती केंद्र घरून उचलून नेतं, नंतर तिकडे पाठवू का?

रात्रपाळी
उचलून नेणाऱ्यांकडे अजिबात नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी हवी आणि इच्छेविरुद्ध भरतीला ठरलेली पद्धत आहे. आधी वॉर्डातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. पुढच्या केंद्रासाठी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, रात्री बोलायला कोणी हवं असेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. गाडीत त्याच्या बाजूला बाबांना बसवा आणि एसी चालू ठेवा.