प्रायमर बदलला म्हणून लोड परत खालून चढवायचा?

रिकामी_पुंगळी:
मी .३०८ रायफलची काडतुसं घरीच भरतो. प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या (पितळी कवचाच्या) बुडात बसणारी, पावडर पेटवणारी टिकली, कायम सीसीआय २०० वापरत आलो, आता ते मिळेनात म्हणून मॅग्नम म्हणजे जास्त जोराचे सीसीआय २५० आणले. तर एक मित्र म्हणतो लोड, म्हणजे पावडरचं माप, पुन्हा खालपासून थोडं थोडं चढवत आण. कशाला पण? खाच तीच ०.२१० इंचाची, पावडर तीच, बुलेट तेच, ठिणगीच तर पाडायचीये. प्रायमरवरून काथ्याकूट करणारे निम्मे लोक निशाण्यावर पाच गोळ्यांचा एक ग्रुप (छिद्रं किती जवळ पडली ते) बघतात आणि प्रवचन देत सुटतात.

खालून_वर:
मित्राचं ऐका. ठिणगी कुठली, जाळ असतो तो, आणि मॅग्नमचा जाळ जास्त गरम किंवा जास्त वेळ टिकणारा, त्यामुळे पावडर वेगळी पेटते आणि दाब वर जाऊ शकतो. मी हाच शहाणपणा केलेला, कमालच्या जवळचा लोड आणि फक्त प्रायमर बदललेला. तीन गोळ्या बिनबोभाट गेल्या, चौथीला बोल्ट, म्हणजे पुंगळीला मागून बंद करणारा दांडा, उचलेना. पुंगळी कशीबशी काढली तर प्रायमरच्या गोल कडा पार सपाट, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या पिनेचा) चकचकीत ठसा, दाब जास्त झाल्याच्याच खुणा. उरलेल्या सगळ्या घरी नेऊन हातोडीवाल्या पुलरने उकलत बसलो, रात्र गेली.

थंड_बॅरल:
ठीक आहे, पण म्हणून मॅग्नमला खलनायक करू नका राव. बॉल पावडरच्या दाण्यांवर जळणं मंद करणारा थर असतो, ती पटकन पेटत नाही, त्यात कडाक्याची थंडी आणि मोठी पुंगळी असेल तर साध्या प्रायमरने चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग धाड! तो हँगफायर एकदा अनुभवा, मग बोला. मॅन्युअलमध्ये त्या पावडरपुढे मॅग्नम लिहिलाय तर मॅग्नमच घाला, साधा घालून काटकसर नको.

खालून_वर:
मॅन्युअलमध्ये लिहिलाय तर घालाच, मी कुठे नाही म्हणतोय? वाद ‘असू दे दोन घास जास्त’ म्हणून घालणाऱ्यांशी आहे.

सैल_पिन:
तुम्ही दोघं जाळावर भांडताय, प्रायमरच्या कपाकडे, म्हणजे धातूच्या वाटीकडे कोण बघणार? एसकेएससारख्या रायफलीत प्रायमरवर आपटणारी फायरिंग पिन मोकळी हिंदकळते, बोल्ट बंद होतानाच ती प्रायमरला टिचकी मारते, कप मऊ असेल किंवा प्रायमर जरा वर राहिला असेल तर चापाला हात न लावता गोळी सुटते. म्हणून तिथे सीसीआय ३४ सारखे टिचकीने सहजासहजी न पेटणारे, लष्करी धाटणीचे. आणि प्रायमर बसवला की बुडावरून बोट फिरवा, किंचित खोलगट लागलं पाहिजे, ०.००३ ते ०.००५ इंच आत. आणि .२२३ या छोट्या रायफल काडतुसात पिस्तुलाचे छोटे प्रायमर ‘बसतात की’ म्हणून ठोकणारे महाभागही आहेत, बसतात हो, व्यास ०.१७५ इंच दोन्हीकडे सारखाच, पण त्यांचा कप पातळ, रायफलच्या दाबाला फुटला की गरम गॅस बोल्टमध्ये मागे येतो.

रिकामी_पुंगळी:
बरं बाबांनो, दाबाचं पटलं. दहा टक्के खाली येऊन चढवतो. पण प्रायमर बदलून ग्रुप अर्धा होतो म्हणणाऱ्यांचं अजूनही पटत नाही.

थंड_बॅरल:
अर्धा नाही होत. पण क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा आणि पाच नाही, वीस-वीस गोळ्या मारा, वेगातला फरक दिसला तर सांगा, नाही दिसला तरी सांगा.

रिकामी_पुंगळी:
वीस-वीस मारायला प्रायमर आणू कुठून, मिळत नाहीत म्हणून तर हे सगळं सुरू झालं 😅