मार्चअखेर काश्मीर की मनाली? डोंगरातला हवामान अंदाज कसा वाचायचा (मदत हवी आहे)

बेदाणावाली

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. पंढरपूरकडे आमची द्राक्षबाग आहे, माल बहुतेक बेदाण्यालाच जातो. शेडवरचा बेदाणा उतरला की एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत थोडे दिवस मोकळे मिळतात, तेवढेच. त्यामुळे २८ मार्च ते ६ एप्रिल या तारखा काही केल्या हलणार नाहीत. लेकीची बारावीची परीक्षा झालेली असेल. मी, नवरा, लेक आणि सासूबाई (वय ६८, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात, आणि बर्फाची हौस सगळ्यांत जास्त त्यांनाच) असे चौघे निघणार.

टीव्हीवर सांगतायत, यंदा मार्च ते मे उत्तरेच्या डोंगराळ भागात तापमान सरासरीपेक्षा जास्त, पाऊस कमी. ट्रॅव्हलवाला म्हणतो, "ताई, बर्फच बर्फ, बिनधास्त या." चुलतदीर म्हणतात, त्या दिवसांत रस्ते बंद पडतात, अडकून बसाल. आता यातलं खरं कुणाचं धरायचं?

तसे आम्ही अंदाजाला नवखे नाही. बेदाणा शेडवर असला की दिवसातून दहादा मोबाइल बघतो, आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. पण डोंगरातलं गणित डोक्यावरून जातंय. काश्मीर घ्यावं की मनाली? आणि कुठला अंदाज कधी बघायचा?

ढगाआड

ताई, तिघांचंही खरं असू शकतं.

हवामान खातं फेब्रुवारीअखेर मार्च ते मेचा जो अंदाज देतं, तो तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो आणि शक्यतेच्या भाषेत असतो. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, जास्त, असे तीन गट, आणि त्यातल्या कुठल्या गटाची शक्यता किती ते सांगायचं. नकाशात गडद रंग दिसला की लोक समजतात तिथे भयंकर ऊन. तो गडदपणा शक्यतेचा असतो, उन्हाचा नव्हे. आणि पांढरा भाग म्हणजे तिन्ही गटांना सारखीच संधी, थोडक्यात काही सांगता येत नाही.

तिकडे या दिवसांत पाऊस-बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडून ते हिमालयाला येऊन धडकतात. एकेका झंझावाताचा मुक्काम दोन-तीन दिवसांचा. हंगामात नेहमीपेक्षा कमी आले तर पाऊस सरासरीखाली जातो, पण आलेल्यांपैकी एक नेमका तुमच्या आठवड्यात पडला तर तुमच्यासाठी सरासरी गेली उडत.

मार्च २०२२ मध्ये वायव्य भारतात पाऊस सरासरीपेक्षा ८९ टक्के कमी होता, महिना जवळपास कोरडाच गेला. उलट २०२५ चा जानेवारी हिमाचल-काश्मीरमध्ये कोरडाठाक होता आणि फेब्रुवारी संपता संपता असा झंझावात आला की २८ तारखेला कुल्लूत गाड्या वाहून गेल्या. त्याच दिवशी उत्तराखंडात माणाजवळ हिमस्खलन होऊन रस्त्याचे कामगार गाडले गेले, आठ जण दगावले.

रानवाट

मी मनालीवाला, त्यामुळे बाजू घेणार हे उघड आहे :)

रोहतांग खिंड (३,९७८ मीटर) मार्चअखेर मिळत नाही, ती साधारण मेमध्ये उघडते. ट्रॅव्हलवाला "रोहतांग दाखवतो" म्हणाला तर तिथेच उठून या. बर्फ बघायचा तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला. बोगदा ९ किलोमीटरचा, २०२० पासून चालू आहे. पण ताजा बर्फ पडला की पर्यटकांच्या गाड्या अलीकडे सोलंगलाच थांबवतात. लोक बोगद्याला दोष देतात. बोगदा बिचारा आतून कोरडाच असतो, घसरतात ते दोन्हीकडचे रस्ते.

सासूबाईंसाठी मात्र खरा त्रास दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीपर्यंतच्या गाडीप्रवासाचा. गुडघे आणि ते घाट, विचार करा.

चहाबाज

मग काश्मीरच. त्या तारखांना श्रीनगरची ट्यूलिप बाग बहुधा उघडी असते, मार्चच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास ती सुरू होते. मात्र एक लक्षात ठेवा, मार्च हा श्रीनगरचा वर्षातला सगळ्यांत पावसाळी महिना. आपल्या सोलापूरला जसा सप्टेंबर. छत्री बॅगेत वरच असू द्या.

बेदाणावाली

मार्चमध्ये सगळ्यांत जास्त पाऊस! सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, मग बर्फ पण जास्तच असणार की.

एक विचारते. "तापमान जास्त" असेल तर गुलमर्गला बर्फ राहतो का? आणि नवऱ्याचं म्हणणं, जम्मूपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे गाडी करावी, स्वस्त पडतं.

ढगाआड

सासूबाईंचं लॉजिक पक्कं आहे, फक्त उंचीचा हिशेब धरायचा. वर जाताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. श्रीनगर अंदाजे १,६०० मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर, म्हणजे फरक सात अंशांच्या आसपास. श्रीनगरला आठ अंशांत पाऊस चालू असेल तर गुलमर्गला तोच पाऊस बर्फ होऊन पडू शकतो. हंगाम गरम असला की ही बर्फाची रेघ वर सरकते: पहलगामला नुसता चिखल, गुलमर्गला ओला, घसरडा बर्फ, आणि वर अफरवट शिखराकडे चांगला. गोंडोलाचा (गुलमर्गच्या रोपवेचा) पहिला टप्पा तीन हजार मीटरच्या थोडा वर जातो, सासूबाईंना तेवढा पुरे. दुसरा ३,९०० च्या पुढे नेतो. बीपी आहे तर तो टाळा, आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. वारा सुटला की गोंडोला बंद ठेवतात, म्हणून गुलमर्ग शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

जम्मू-श्रीनगर रस्त्याबद्दल चुलतदिरांचं ऐका. रामबनच्या पट्ट्यात डोंगर ठिसूळ आहे, जोराचा पाऊस झाला की दरड खाली येते. २० एप्रिल २०२५ ला तिथे पूर आणि चिखलाचे लोट येऊन महामार्ग कित्येक दिवस ठप्प होता. जम्मूमार्गेच जायचं तर कटरा-श्रीनगर रेल्वे बघा, जून २०२५ पासून चालू आहे, बोगद्यांतून जाते. नाहीतर कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून विमान.

अंदाजाचं म्हणाल तर तीन महिन्यांचा आता विसरून जा. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं. निघायच्या आधीच्या दोन गुरुवारी तो बघा, झंझावात येतोय का एवढाच अंदाज घ्यायला. आदल्या पाच-सहा दिवसांत खात्याच्या श्रीनगर केंद्राचा जिल्हावार इशारा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल आला तर हॉटेलातच बसा. गावाचं नाव टाकून पंधरा दिवसांपुढचं तापमान दाखवणाऱ्या अॅपवर जाऊ नका. दरीतला आकडा आणि डोंगरावरचा आकडा त्यांना धड वेगळा करता येत नाही.

रानवाट

ढगाआड यांना अनुमोदन. मी हरलो. फक्त परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरलाच ठेवा. पहलगामहून त्याच सकाळी निघून विमान गाठायचा बेत त्या दिवसांत नको.

बेदाणावाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काश्मीर पक्कं, दिल्लीहून विमान. गुलमर्ग दुसऱ्याच दिवशी, आणि शेवटची रात्र श्रीनगर. नवऱ्याला रामबनचं वाचून दाखवलं, गप्प बसला. ट्रॅव्हलवाल्याला रोहतांगचं विचारलं तर म्हणे, "बघू, तिथे गेल्यावर ठरवू." त्याला नमस्कार केला.

आता शेवटचं: बूट तिथे भाड्याने मिळतात म्हणे, ते घ्यावेत की इथूनच न्यावेत? सासूबाईंचा पाय लहान आहे.

चहाबाज

गमबूट आणि लांब कोट गुलमर्ग आणि टंगमर्गला भाड्याने मिळतात, पण लहान मापाचे लवकर संपतात आणि आतून ओलेही असतात. त्यांच्यापुरते चांगल्या पकडीचे पावसाळी बूट सोलापुरातूनच घ्या, लोकरी मोजे घालून माप बघा. बाकी तिघांनी तिथलेच घ्या, आणि घालण्याआधी भाव ठरवा.