केशवराव 'जसंच्या तसं' हा हट्टच आहे, आणि तो सोडणार नाही

शेवटची_रांग
कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल परवा एकाने लिहिलं : 'केशवराव जळालं, वाईट झालं. पण जसंच्या तसं बांधायचा भावनिक हट्ट सोडा. उरलेलं पाडा, तळघरात पार्किंग, वर १२०० खुर्च्या, दोन मजले भाड्याने. नाट्यगृह स्वतःच्या पायावर उभं राहील.' खाली अंगठ्यांची ही रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

भाडंच खायचं असतं तर शाहू महाराजांनी १९१५ साली तिथे चाळ बांधली असती. १९०२ ला विलायतेला गेलेला हा माणूस रोमचं कलोसियम बघतो, परत येऊन कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं करतो आणि त्याच्या अंगालाच पॅलेस थिएटर बांधतो. इकडे नांदी, पलीकडे शड्डू. गावातले पैलवान आणि गावातले गवई एकाच आवारात, एकाच राजाच्या डोक्यातून आलेले. ही जोडी जगात आणखी कुठे असेल तर दाखवा. आणि आत, प्रेक्षकांच्या मधे एक खांब नाही. माझ्यासारखं शेवटच्या रांगेचं गिऱ्हाईकसुद्धा मान वाकडी न करता नाटक बघायचं. गायकनट केशवराव भोसल्यांचं नाव देऊन पॅलेसचं केशवराव भोसले १९५७ ला झालं. आग लागली ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती.

त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, हातात दुधाची पिशवी. घरून दूध आणायला निघालेले, ते तिथेच थांबलेले. 'पडदा मी ओढायचो,' एवढंच तीनदा म्हणाले. पिशवी गळत होती, त्यांना पत्ता नव्हता. त्यांना जाऊन सांगा तुमचं तळघर.

सेटचा_टेम्पो
दुधाच्या पिशवीने डोळे पाणावले, पण प्रश्न सुटला नाही. वीस वर्षं सेट लावतोय. प्रेक्षकाला कमान दिसते, आम्हाला दिसतं ते मागचं दार. फ्लॅट, म्हणजे सेटची उभी भिंत, आडवा करून, तिरका करून, शेवटी चौकटीला घासून आत न्यायचा आणि साडेआठला तिसरी घंटा द्यायची. एका गावात (नाव घेत नाही, पुन्हा प्रयोग लावायचेत) मेकअप रूमच्या संडासाला कडी नाही म्हणून नटीसाठी बाहेर मी पहारा दिलाय. तिथेही भिंतीवर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी होती. इतिहास जपा हो, पण आम्हाला त्यात कोंडू नका.

रंकाळाकाठ
भावा, कडी बसवायला इमारत पाडत्यात व्हय? सुतार बोलवायचा.

सेटचा_टेम्पो
सुतार बोलवायला टेंडर लागतं. कधी काढून बघा.

गणितमास्तर
'जसंच्या तसं' म्हणजे कोणत्या सालासारखं, एवढं कोणी सांगेल का? १९१५ सारखं की ७ ऑगस्ट २०२४ सारखं? मधे नूतनीकरण झालंच की. खुर्च्या बदलल्या, एसी आला. तुम्ही ज्याला 'मूळ' म्हणून हळहळताय त्यातला निम्मा भाग माझ्या स्कूटरपेक्षा नवा होता.

आणि केशवरावबद्दल सगळे सांगतात ते 'माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज' प्रकरण. रंगमंचाखाली खोल खड्डा आहे आणि त्याने आवाज घुमतो, हे कोल्हापुरात प्रत्येक आजोबांनी प्रत्येक नातवाला सांगितलंय. सभागृहाचा आवाज ठरतो आतली हवा किती आणि ती आवाज पिणारे पृष्ठभाग किती यावर. सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने १८९५ च्या सुमाराला हार्वर्डमध्ये रात्री-रात्री गाद्या वाहून आणून, ऑर्गनची नळी वाजवून, घड्याळ लावून हे मोजलं. लाकडी बाकं काढून गादीच्या खुर्च्या घातल्या त्या दिवशी जुना आवाज गेला. आगीची वाट बघत नव्हता तो.

तिसरी_घंटा
मास्तर, तुमच्या गाद्या तुम्हाला लखलाभ. मी नाट्यसंगीत गाते, त्या रंगमंचावर गायलेय. पहिला षड्ज लावला की समोरून तो परत अंगावर येतो, ते पोटाला कळतं, त्याला घड्याळ लागत नाही. केशवराव आणि बालगंधर्व १९२१ ला 'संयुक्त मानापमान' नाटकात उभे राहिले, एक धैर्यधर, एक भामिनी, तेव्हा कॉलरला काय लावलं होतं? आजच्या नटांना दुसऱ्या रांगेपर्यंत आवाज फेकता येत नाही. गालाला मुंगळ्यासारखा माइक चिकटवायचा आणि कुजबुजायचं. त्याला म्हणे वास्तववादी अभिनय!

सेटचा_टेम्पो
ताई, तेव्हा डोक्यावर एसी घरघरत नव्हता आणि पाचव्या रांगेत 'हां बोल, नाटकाला आलोय' करणारा नव्हता. आजचा नट आठवड्यात सहा प्रयोग करतो, मधे मालिकेचं शूटिंग. घसा काय लोखंडाचा आहे?

तिसरी_घंटा
तेव्हाचं नाटक पहाटेपर्यंत चालायचं. वन्समोअर धरून.

सेटचा_टेम्पो
आणि केशवराव त्याच १९२१ मध्ये गेले. वय एकतीस.

तिसरी_घंटा
ते माइक नव्हता म्हणून गेले असं सुचवताय का? हद्द झाली. कुणाबद्दल बोलतोय याचं तरी भान ठेवा.

सेटचा_टेम्पो
सुचवत नाही. जुन्या माणसांनी किती सोसलं त्याचीही गाणी करू नका, एवढंच म्हणतोय.

पेठेतला
माइकवर तीसेक प्रतिसाद होतील असं दिसतंय, तेवढ्यात मूळ मुद्दा. बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचं निघालं तेव्हा पुण्यात आम्ही हेच भोगलंय. ते तर १९६८ चं, शंभर वर्षांचंही नाही, तरी लोकांचा जीव अडकला. माझ्या वडिलांनी आईला पहिल्यांदा तिथल्या पायऱ्यांवर...

रंकाळाकाठ
झालं. पुणं आलं. कोल्हापुरात आग लागली तरी पाणी पुण्याच्या पायऱ्यांवर!

पेठेतला
तुम्हाला पाठिंबाच देत होतो. राहिलं.

शेवटची_रांग
पुणेकरांना बोलू द्या, आपल्याच बाजूचे आहेत. मास्तर, मुंबईचं ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं होतं. २०१६ ला पुन्हा उघडलं, पुढच्या वर्षी युनेस्कोने गौरव केला. तिथेही एसी बसवला, म्हणून कोणी 'हे मूळ नव्हे' म्हणून रडलं नाही.

गणितमास्तर
ते बंद पडलं होतं, जळालं नव्हतं. मोडलेला हात जोडणं वेगळं आणि तुटून पडलेला हात परत उगवणं वेगळं.

शेवटची_रांग
मग व्हेनिसचं ला फेनिचे ऑपेरागृह घ्या. १८३६ ला जळालं, परत बांधलं. १९९६ ला पुन्हा जळालं. लोकांनी एकच धरून ठेवलं, 'जिथे होतं तिथे, जसं होतं तसं'. २००३ ला दारं उघडली. उगवला की हात!

गणितमास्तर
सात वर्षं लागली, हे हळूच गिळलंत.

बंबवाला
निवृत्त आहे, बंबावर नोकरी झाली. तुमचं ठेवा-पाडा तुमच्यापाशी. रंगमंच म्हणजे रचलेलं सरणच असतं. लाकडी फळ्या, रंगवलेलं कापड, वर झालरी, मधून गरम दिवे. एकदा पेटलं की प्रेक्षागृहाचं छप्पर त्याचं धुराडं होतं. शिकागोत १९०३ ला इरोक्वॉय थिएटर जळालं तेव्हा आग रंगमंचावरच अडवणारा सुरक्षापडदा मधेच अडकला, सहाशेवर माणसं गेली. आपल्याकडे दिल्लीचं उपहार सिनेमागृह, १९९७, एकोणसाठ माणसं. तिथे जादा खुर्च्यांसाठी वाट अडवली होती. म्हणून १२०० खुर्च्यावाल्याला माझा पहिला प्रश्न, वाटा किती आणि किती रुंद? आणि जसंच्या तसंवाल्यांनाही प्रश्न आहे. झालर जुन्या कापडाची लावणार की न पेटणारी? दारं आत उघडणार की बाहेर?

रंकाळाकाठ
काका, हे पहिल्यांदा काहीतरी कामाचं वाचलं या धाग्यात.

तिसरी_घंटा
न पेटणाऱ्या कापडाने आवाज मरत नसेल तर माझी हरकत नाही.

गणितमास्तर
किती मरेल ते मोजता येतं. पण तुमचं पोट मोजमापाच्या विरोधात आहे ना?

तिसरी_घंटा
मोजा. मी गाते, तुम्ही घड्याळ धरा. फक्त मधे वन्समोअर मागू नका.

शेवटची_रांग
बरं, लिहून ठेवा, रोज रोज मान्य करणार नाही. दगडी भिंती राहाव्यात, मधे खांब येऊ नये, खासबागेशी असलेली सोयरीक तुटू नये. या तिन्हीवर तडजोड नाही. दारं बाहेर उघडू देत, झालरी काकांच्या पसंतीच्या असू देत. मागचं दारही रुंद करा हवं तर, मागून कोण बघतंय.

सेटचा_टेम्पो
मी बघतो. रोज. आणि कडी?

शेवटची_रांग
कडी मी स्वतः आणून देतो, पितळी. टेंडर नको.