मांजरांची नसबंदी: तीन सोसायट्या आणि एक चाळ मिळून करायची आहे, सल्ला हवा

सुलभा_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत तीन सोसायट्या, मागे चाळ आणि कोपऱ्यावर मासळी बाजार. पाच वर्षांपूर्वी आमच्या जिन्याखाली चार मांजरं असायची. गेल्या महिन्यात मोजली तर पिल्लं धरून एकोणीस! परवा मीटररूममध्ये जुन्या वायरींच्या भेंडोळ्यावर एका तिरंगी मांजरीनं चार पिल्लं घातली. सकाळी त्यातली दोन गार पडलेली मिळाली. वॉचमनकाकांनी बागेत पुरली. ती मांजर दिवसभर त्या जागेशी येऊन वास घेत होती.

दोन वर्षांत मी स्वतःच्या पैशांनी सहा माद्यांची नसबंदी करून घेतली, तरी पिल्लं होतातच. शेजारच्या सोसायटीतल्या एक ताई वेगळं खायला घालतात, चाळीतली पाळलेली मांजरं दिवसभर बाहेर असतात, मासळीवाल्या मावशी डोकी टाकतात. जो तो आपापल्या परीनं करतो, पण कोणी कोणाशी बोलत नाही. आमच्या कमिटीतले एक काका म्हणतात, पोत्यात भरून लांब सोडून या. सगळ्यांना एकत्र कसं आणायचं? प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा.

निशिगंध (ठाणे):
सुलभाताई, आम्हीही तुमच्यासारखंच एकेक मांजर करत बसलो होतो, त्यात दोन वर्षं गेली. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभणपण साधारण नऊ आठवड्यांचं, आणि पिल्लं दूध पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तुम्ही सहा करेपर्यंत भिंतीपलीकडे दहा नवी आलेली असतात. म्हणून सगळी गल्ली एकाच पंधरवड्यात उरकायची.

आधी नकाशा काढा. कागदावर गल्ली, त्यात खायला घालायच्या जागा. मांजरं आवाराची भिंत मानत नाहीत, त्यामुळे एकच मांजर तीन जणांच्या यादीत तीन नावांनी असतं. आमचा 'भुऱ्या', 'शेरू' आणि 'सोन्या' एकच बोका निघाला! प्रत्येकाचा डावीकडून आणि उजवीकडून फोटो काढा, सगळ्यांची मिळून एकच वही ठेवा.

मग दहा-बारा दिवस सगळ्यांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागीच खायला घालायचं, बाकी वेळी काही नाही. हे पाळणं सगळ्यात कठीण. पण त्यानं मांजरं वेळेवर जमायला लागतात. पिंजरे चार दिवस आधी, दार बांधून उघडंच ठेवून, तिथे मांडून ठेवा. धरायच्या दिवशी आत तारली किंवा सुकट. दार पडलं की लगेच जुनी चादर टाका, अंधार झाला की मांजर शांत होतं. आमच्याकडे पहिल्या रात्री चादर टाकायला कोणी नव्हतं, एकीनं जाळीवर धडका मारून नाक फोडून घेतलं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पैशांचं म्हणाल तर दर घरटी वर्गणी काढलीत, तर नको म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यातच महिना जाईल. देतील त्यांच्याकडून घ्या, हिशोब दर आठवड्याला नोटीस बोर्डावर लावा. आमच्याकडे तो हिशोब बघूनच विरोधातल्या दोघांनी पैसे दिले.

प्राण्यांची_डॉक्टर (नाशिक):
निशिगंध यांनी बरोबर लिहिलंय. माझ्याकडून थोडी भर.

डॉक्टरांना आधी भेटून एका दिवसात किती ऑपरेशनं करतील ते विचारा, तेवढीच मांजरं धरा. उपाशी किती तास ठेवायचं तेही त्यांनाच विचारा, पिल्लांचं गणित मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. ऑपरेशनबरोबर रेबीजची लस द्यायला सांगा आणि भूल असतानाच डाव्या कानाचं टोक छाटून घ्या. लांबून ओळख पटते, तीच मांजर पुन्हा धरली जात नाही. बोके एका दिवसात सोडता येतात. माद्यांना तीन-चार दिवस कोरडी, बंद जागा लागते. हाच मुद्दा बहुतेक गट विसरतात. रिकामा गाळा, बंद फ्लॅटची बाल्कनी, काहीही चालेल, पण आधी ठरवा.

दूध पाजणारी मादी धरली तर पिल्लं कुठे आहेत ते आधी शोधा. तुमची तिरंगी मीटररूममध्ये आहे तोवर तिला हात लावू नका. पिल्लं दोन महिन्यांची झाली, खायला लागली, की आधी ती.

चाळकरी (गिरगाव):
चाळीत नुसती नोटीस लावून येऊ नका, ताई. आमच्याकडे दोन मुली इंग्रजी पत्रकं घेऊन आल्या होत्या, कोणी दार उघडलं नाही. लोकांच्या मनात असतं की ऑपरेशन केलं की मांजर उंदीर धरत नाही, किंवा हे लोक आमची माऊ घेऊन जातील नि परत देणार नाहीत. उंदीर धरणं थांबत नाही, हे आमच्या आत्यानं तिची नसबंदी केलेली मांजर दाखवून सांगितलं, तेव्हा पटलं. चाळीतल्याच एका बाईला सोबत घ्या. धरायच्या आदल्या दिवशी पाळलेल्या मांजरांच्या गळ्यात लाल दोरी बांधायला सांगा. आणि त्यांची ऑपरेशनंही त्याच वर्गणीतून करा. 'घरची आहे, तुमचं तुम्ही बघा' म्हटलंत की सगळं तिथेच फसतं.

मासळीवाल्या मावशींनाही विसरू नका. कोणती मांजर कुठे व्यायली हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

मांडवीकाठी (पणजी):
गोव्यात २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून कुत्र्यांचं लसीकरण करत आले. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे नोंद. लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची मोबाइलवर जागेसकट नोंद व्हायची, कोणता वाडा राहिला ते कळायचं, शाळांत जाऊन मुलांना शिकवायचे. तुमच्या गल्लीला एक वही पुरेल, पण ती एकाच माणसाच्या घरात राहू देऊ नका.

पोत्याचं म्हणणाऱ्या काकांना भांडून नको, शांतपणे सांगा. मोकळ्या झालेल्या जागेत बाजारातली मांजरं येणार, कारण खाणं तिथेच आहे. आणि प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

२०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम मराठीत समजावून बैठकीत वाचा. आवारातल्या प्राण्यांना खायला घालायची सोय करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे आणि ती जागा जिने, ये-जा करायची दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर हवी, असं त्यात आहे. हे ऐकलं की दोन्ही बाजू जरा निवळतात.

सुलभा_डोंबिवली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल निशिगंधचा प्रतिसाद शेजारच्या ताईंना वाचून दाखवला. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकत्र चहा घेतला. त्यांच्या यादीतली 'राणी' म्हणजे माझी तिरंगी! चाळीतून सरिताताई आमच्याबरोबर फिरायला तयार आहेत. येत्या रविवारी चाळीच्या गॅलरीतच बैठक ठेवली आहे, सोसायटीच्या ऑफिसात मुद्दाम नाही.

आमच्याकडे एकच पिंजरा आहे. डोंबिवली-कल्याणकडे कोणाकडे पंधरा दिवसांसाठी दोन-तीन पिंजरे असतील तर निरोप करा, घ्यायला मी येईन.